विश्लेषण : रेस अडकते... दोष कार्ब्युरेटरचा की केबलचा?

मूठ सोडली तरी रेस खाली येत नाही, हँडल वळवले की इंजिन आपोआप जोर धरते, सिग्नलला गाडी बंद पडते, चढाला मिस मारते. जुन्या दुचाकीच्या या तक्रारी घेऊन गॅरेजमध्ये गेले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘कार्ब्युरेटर खोलावा लागेल.’ कार्ब्युरेटर खोलला जातो, साफ होतो, दोन-तीन स्क्रू फिरवले जातात आणि आठवडाभरात तक्रार परत येते. कारण अनेकदा दोष कार्ब्युरेटरमध्ये नसतोच, तो असतो मुठीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणाऱ्या तारेत. ही केबल स्वस्त असली, तरी ती अडकली तर गाडी चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणूनच तिच्याकडे ट्यूनिंगचा नव्हे, तर ब्रेकइतका सुरक्षेचा विषय म्हणून पाहायला हवे.

कार्ब्युरेटरच्या गाड्या आता उरल्यात कुठे?

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन जवळपास सर्वत्र आले. बजाजच्या काही स्वस्त गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा कार्ब्युरेटर त्यानंतरही राहिला, पण तो अपवाद. याचा अर्थ असा नव्हे की रस्त्यावरचा कार्ब्युरेटर संपला. १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर, २००१ मध्ये आलेली पल्सर, बीएस-६ पूर्वीची ॲक्टिव्हा, २०२० पूर्वीची बुलेट ३५० या सगळ्या कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या गाड्या. गावातला दूधवाला, बाजारसमितीत जाणारा शेतकरी, घरोघर डबे पोहोचवणारा, अशा कित्येकांच्या हाताखाली आजही हीच पिढी आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि तपासणीनंतर पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येते. म्हणजे २०१९ मध्ये घेतलेली कार्ब्युरेटरची गाडी २०३४ पर्यंत पहिल्याच नोंदणीवर धावू शकते.

इंजेक्शन ते कार्ब्युरेटर असा उलटा प्रवासही इथे घडला आहे. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटर लावून विकली. कमी खर्च आणि कुठल्याही नाक्यावर होणारी दुरुस्ती या दोन गोष्टींना भारतीय ग्राहक किती किंमत देतो, हे त्यातून दिसते. पण ‘कुठल्याही नाक्यावर होणारी दुरुस्ती’ या शब्दांतच आजची अडचणही आहे. ज्यांच्या बोटांना कार्ब्युरेटर कळतो ते मिस्त्री म्हातारे होत आहेत आणि नव्या मुलांचे शिक्षण स्कॅनर व सेन्सरवर होत आहे.

आणखी एक बाब. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांतही मूठ आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये तारच असते. केटीएम ३९० ड्युकसारख्या काही गाड्यांत २०१७ पासून तारेची जागा सेन्सर आणि मोटरने घेतली, पण रोजच्या वापरातल्या बहुसंख्य दुचाकींत केबल अजून आहे. त्यामुळे केबलचा भाग नव्या गाडीच्या मालकालाही तितकाच लागू आहे.

मूठ फिरवली की आत काय होते?

कार्ब्युरेटरचे काम एका ओळीत सांगायचे तर इंजिन ओढत असलेल्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळणे. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल असे धरतात. हवेचा मार्ग मध्येच अरुंद केलेला असतो, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते.

साध्या १०० सीसी गाडीत केबलच्या टोकाला एक स्लाइड लटकलेली असते. मूठ फिरवली की तार स्लाइडला वर ओढते आणि हवेची वाट उघडते. मूठ सोडली की स्लाइडच्या डोक्यावरची स्प्रिंग तिला खाली ढकलते. काही मोठ्या गाड्यांत केबल स्लाइडऐवजी एक चकतीसारखी झडप फिरवते, पण परत आणण्याचे काम तिथेही स्प्रिंगच करते. काही गाड्यांत मूठ उघडण्यासाठी एक आणि परत आणण्यासाठी दुसरी अशा दोन केबल असतात.

एका केबलच्या गाडीत उघडण्याचे काम तुमचा हात करतो आणि बंद करण्याचे काम एकटी स्प्रिंग करते. तुमच्या हाताला वाढलेले घर्षण जाणवत नाही, कारण हात स्प्रिंगपेक्षा कितीतरी जोरकस. तार गंजली, वाकली, एखादा धागा तुटून आवरणात रुतला तरी तुम्ही मूठ फिरवत राहता. स्प्रिंगला मात्र ते जमत नाही. म्हणून केबल खराब होत जाते तेव्हा रेस ‘देताना’ फारसे काही कळत नाही, दोष दिसतो तो रेस ‘सोडताना’. तोवर उशीर झालेला असतो.

केबल खराब होते कशामुळे?

पहिले कारण पाणी. पावसाळ्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी, वॉशिंग सेंटरवर हँडलजवळ मारलेला जोरदार फवारा, कोकण-गोव्याची खारी हवा यांमुळे वरच्या टोकातून पाणी आवरणात शिरते. त्याच्याबरोबर धूळ जाते, आणि दोन्ही मिळून आत चिकट गंज तयार होतो.

दुसरे कारण केबलची वाट. गाडीला रुंद हँडल बसवले, मोबाइल होल्डर लावला, लेगगार्ड किंवा हँडगार्ड चढवला, टाकी काढून पुन्हा बसवली, की केबलची मूळ वाट बदलते. कुठे ती टाकीखाली चेपते, कुठे तिला तीव्र वळण मिळते, कुठे प्लॅस्टिकच्या पट्टीने ती फ्रेमला घट्ट आवळली जाते. स्कूटरमध्ये केबल हँडलपासून थेट मागच्या इंजिनापर्यंत जाते. लांबी जास्त, वळणे जास्त, म्हणून घर्षणही जास्त.

तिसरे कारण केबलमध्ये नसून मुठीतच असते. रबरी ग्रिप आत सरकून स्विचच्या खोक्याला घासते, बाहेरचे टोक वजनाला टेकते, गाडी पडल्यावर हँडलचे टोक वाकते किंवा आतली नळी गंजलेल्या पाइपवर जाम होते. सजावटीसाठी मूळ ग्रिपवर दुसरे रबर चढवणेही इथे नडते.

चौथे कारण सगळ्यांत फसवे : नुकतीच झालेली सर्व्हिसिंग. स्लाइड खाचेत नीट न बसवता झाकण आवळले, किंवा केबलचे आवरण झाकणावरच्या ॲडजस्टरमध्ये पूर्ण न बसता कडेवर टेकून राहिले, तर स्लाइड वरच लटकते. किक मारताच इंजिन किंचाळते. म्हणून कार्ब्युरेटर खोलून बसवल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी मूठ चारदा फिरवून स्लाइड खाली आपटल्याचा आवाज ऐकायला हवा.

घरच्या घरी कसे ओळखायचे?

तीन तपासण्या पुरेशा आहेत. एकीलाही पाना लागत नाही.

पहिली : इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवा आणि एकदम सोडा. ती ‘टक्’ आवाज करत स्वतःहून जागेवर यायला हवी. हे हँडल डावीकडे पूर्ण वळवून, सरळ ठेवून आणि उजवीकडे पूर्ण वळवून, असे तीनदा करा. एकाही स्थितीत मूठ सावकाश आली किंवा मध्येच थांबली, तर ती गाडी दुरुस्तीपूर्वी रस्त्यावर नेऊ नये.

दुसरी : मूठ अगदी हळू फिरवा. तार ताणली जाण्याआधी थोडी मोकळी चाल जाणवायला हवी. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ती मुठीच्या कडेवर २ ते ६ मिलिमीटर दिलेली असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. मोकळी चाल नसेल तर केबल कायम किंचित ताणलेली राहते आणि स्लाइड पूर्ण खाली बसत नाही. ती फार जास्त असेल तर मूठ फिरवूनही गाडी उशिरा उचलते. कमी-जास्त करण्यासाठी केबलच्या टोकाला चकती आणि लॉकनट असतो.

तिसरी : इंजिन गरम झाल्यावर गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत सुरू ठेवा. स्कूटरचे मागचे चाक जमिनीपासून वर असल्याची खात्री करा. आता मुठीला हात न लावता हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना रेस वाढली, तर दोष केबलचा. ती आखूड पडते आहे, चुकीच्या वाटेने गेली आहे किंवा मोकळी चाल संपली आहे. अशा गाडीने घाटातले वळण घेणे म्हणजे वळणावर दुसऱ्याच कोणी रेस देण्यासारखे आहे.

या तिन्हींना मिळून दोन-तीन मिनिटे लागतात. तिन्हीत गाडी पास झाली, तरच संशयाचे बोट कार्ब्युरेटरकडे वळवावे.

केबल ठीक असेल तर पुढे काय?

कार्ब्युरेटरमध्ये एकच यंत्रणा नसते. मूठ किती उघडी आहे त्यानुसार वेगवेगळे भाग काम करतात. आयडलपासून साधारण पाव मुठीपर्यंत पायलट जेटचा अंमल. पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला लावलेली सुई. त्यापुढे मुख्य जेट. मुठीवर आणि शेजारच्या खोक्यावर पेनाने खुणा करून पाव, अर्धी, पाऊण अशी जागा ठरवली आणि गाडी नेमकी कुठे मिस मारते ते पाहिले, तर अर्धे निदान तिथेच होते. सिग्नलला बंद पडणारी पण वेगात सुरळीत धावणारी गाडी मुख्य जेट बदलून सुधारणार नाही. तिचा पायलट जेट तुंबला असण्याची शक्यता जास्त.

रेस वर अडकण्याचेही प्रकार आहेत. केबलमुळे अडकलेली रेस मूठ हाताने उलटी ढकलली की बहुधा खाली येते आणि हँडल वळवल्याने बदलते. मूठ पूर्ण परत आली आहे, हँडलचा परिणाम नाही, तरी रेस उतरायला वेळ लागतो किंवा ती वरखाली होत राहते, तेव्हा बाहेरून चोरटी हवा शिरत असण्याचा संशय घ्यावा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी भाग, ज्याला गॅरेजमध्ये मॅनिफोल्ड म्हणतात, तो वयाने कडक होऊन चिरतो. हवा वाढते, मिश्रण पातळ होते, प्लग पांढरट दिसतो. ही गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती आगीला निमंत्रण आहे, करू देऊ नये. रबर हाताने दाबून-वाकवून चिरा पाहाव्यात आणि शंका असेल तर बदलावे.

उलट प्लग काळा, काजळीने भरलेला, धुराला पेट्रोलचा वास, ॲव्हरेज पडलेले, असे असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. चोक अर्धवट अडकलेला, एअर फिल्टर धुळीने बंद, वाटीतली फ्लोटची पिन झिजलेली, ही नेहमीची कारणे. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडत असतील तर आधी फ्लोट आणि पिन पाहावी.

स्क्रू फिरवायला एवढा विरोध का?

कार्ब्युरेटरवर बाहेरून फिरवता येणारे दोन स्क्रू असतात. एक स्लाइड किंवा झडप किती उघडी ठेवायची ते ठरवतो, म्हणजे आयडलचा वेग. दुसरा मिश्रणाचा. दुसरा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो आणि आत आवळल्याने पेट्रोलचे प्रमाण वाढते. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर तो बहुधा मिश्रणाच्या पुरवठ्यावर चालतो आणि आत आवळल्याने पेट्रोल कमी होते. दिसायला सारखे, परिणाम नेमका उलटा. स्क्रू कुठे आहे हे न पाहता ‘अर्धा फेरा आत’ असा व्हिडिओतला सल्ला अमलात आणला, की गाडी बिघडते.

मोठी हानी वेगळीच आहे. केबलमुळे रेस वर राहत असताना मिस्त्री आयडलचा स्क्रू सैल करून ती खाली आणतो. तक्रार तात्पुरती मिटते, पण केबलचा दोष झाकला जातो. पुढे कोणी केबल मोकळी केली की गाडी आयडलला बंद पडू लागते. मग पुन्हा स्क्रू, मग मिश्रणाचा स्क्रू, मग ‘नवा कार्ब्युरेटर टाका’. साखळीची पहिली कडी चुकली की पुढची प्रत्येक दुरुस्ती आधीच्या चुकीची भरपाई करत राहते. ग्राहकाच्या खिशातून नव्या कार्ब्युरेटरचे पैसे जातात आणि कारण मात्र जुन्याच तारेत राहते.

म्हणून नियम साधा हवा. आधी मूठ आणि केबल, मग एअर फिल्टर आणि प्लग, मग हवेची गळती, मग जेट व फ्लोट, आणि स्क्रू सर्वांत शेवटी. स्क्रूला हात लावण्याआधी तो हलकेच आत टेकेपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजून लिहून ठेवावे. काही बिघडले तर निदान मूळ जागी परत जाता येते.

‘सिंक्रोनायझेशन’ची गरज कुणाला?

परदेशी व्हिडिओंमध्ये कार्ब्युरेटर सिंक करण्याबद्दल खूप बोलले जाते आणि ते पाहून अनेक तरुण आपल्या १५० सीसी गाडीसाठीही त्याची विचारणा करतात. एक सिलिंडर, एक कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत सिंक करण्यासारखे काही नसते. त्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणावे.

दोन किंवा जास्त कार्ब्युरेटर असतील तिथे मात्र हा विषय खराखुरा आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली राजदूत ३५० हे त्याचे इथले प्रसिद्ध उदाहरण. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. मुठीकडून येणारी तार पुढे फुटून दोन्ही स्लाइड उचलते. एक स्लाइड दुसरीच्या आधी उचलली गेली, तर एक सिलिंडर काम करतो आणि दुसरा ओझे होतो. गाडी थरथरते, आयडल धरत नाही, एक सायलेन्सर गरम आणि दुसरा कोमट राहतो.

इथेही सुरुवात केबलपासूनच होते. दोन्ही फाट्यांची मोकळी चाल सारखी करायची. मग एअर फिल्टरची बाजू उघडून मूठ हळू फिरवताना दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलतात का ते डोळ्यांनी किंवा बोटांनी पाहायचे. मग आयडलचे स्क्रू सारखे करायचे. ज्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पंपही त्याच केबलवर असतो, तिथे पंपाची खूण शेवटी जुळवावी लागते. ती विसरली आणि पंप मागे राहिला, तर रेस वाढते पण ऑइल वाढत नाही, आणि इंजिन जाम होऊ शकते. धावत्या गाडीचे इंजिन जाम होणे म्हणजे मागचे चाक अचानक थांबणे. सिंक हा केवळ गुळगुळीत आवाजाचा शौक नाही, तो असा.

चार सिलिंडरच्या आयात गाड्यांत चारही कार्ब्युरेटर एका पट्टीत जोडलेले असतात आणि त्यांच्यामधले तीन स्क्रू फिरवून ते जुळवले जातात. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरच्या इनलेटमधला निर्वात दाब मोजणारे गेज लावतात. हे काम कानाने होत नाही. शिवाय त्याआधी व्हॉल्व्हचे अंतर, प्लग आणि हवेची गळती ठीक असायला हवी. नाहीतर व्हॉल्व्हचा दोष कार्ब्युरेटरवर ढकलून सगळे ‘जुळले’ असे भासते.

ई-२० पेट्रोलचा संबंध किती?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून प्रत्येक बिघाडाचे खापर त्यावर फोडले जाते. सगळे खोटे नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने काही प्रमाणात सावरते, कार्ब्युरेटरला ते कळतच नाही. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या वाटीत पाणी आणि गाळ साठू शकतो. जुने रबरी वॉशर व नळ्या त्यासाठी बनवलेल्या नसतील तर लवकर खराब होऊ शकतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या दुचाकींच्या इंधन कार्यक्षमतेत ३ ते ४ टक्के घट अपेक्षित धरली होती.

पण हँडल वळवल्यावर रेस वाढते, याचा इथेनॉलशी काडीचाही संबंध नाही. मूठ सावकाश परत येते, याचाही नाही. धोरणावरचा राग रास्त असू शकतो, पण तो निदानाच्या जागी आला की खरा दोष तसाच राहतो. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल काढून टाकणे, हा साधा उपाय आधी करावा.

चालत्या गाडीत रेस अडकली तर?

हे प्रत्येक चालकाला पाठ हवे. गिअरच्या गाडीत क्लच पूर्ण दाबा. इंजिन जोरात ओरडेल, पण चाकाला ताकद मिळणार नाही. दोन्ही ब्रेक लावत कडेला या. किल स्विच असेल तर तो दाबा, नसेल तर किल्ली ‘ऑफ’वर आणा. किल्ली त्यापुढे फिरवू नका, हँडल लॉक होऊ शकते. स्कूटरला हाताचा क्लच नसतो, म्हणून तिथे दोन्ही ब्रेक घट्ट दाबून लगेच किल्ली बंद करणे हाच मार्ग. गाडी थांबल्यावर ‘आता सुटली’ म्हणून तशीच पुढे नेऊ नये. एकदा अडकलेली केबल पुन्हा अडकते.

मग बदलायला काय हवे?

गॅरेजवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. ग्राहक ‘पार्ट’चे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. केबल पाहिली, वाट सरळ केली, दोन थेंब ऑइल सोडले, याचे बिल मागितले तर ‘एवढ्याशा कामाचे?’ असा प्रश्न येतो. कार्ब्युरेटर खोलला की काम केल्यासारखे दिसते. चुकीच्या निदानाला असे बक्षीस आपणच देत असू, तर दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. योग्य निदानाची मजुरी द्यायला शिकणे, हा ग्राहकाचा वाटा.

कंपन्या आणि सर्व्हिस सेंटर यांचा वाटा मोठा आहे. जॉबकार्डवर ब्रेक आणि चेनची नोंद असते, तशी ‘मूठ तिन्ही स्थितींत स्वतःहून परत येते’ अशी वेगळी ओळ हवी आणि तिच्यापुढे सही हवी. तपासणीची पुस्तिका मराठीत, चित्रांसह, मोबाइलवर सहज मिळायला हवी. बंद झालेल्या मॉडेलांच्या अस्सल केबल बाजारात राहायला हव्यात, कारण दुसऱ्या गाडीची ‘चालून जाईल’ अशी केबल दोन सेंटिमीटरने आखूड असली तरी पुरते.

सरकारचा वाटा सर्वांत सोपा आहे. पीयूसी केंद्रावर गाडी आयडलवर ठेवून धुराची मोजणी होतेच. तिथे मूठ सोडून पाहणे आणि हँडल दोन्हीकडे वळवणे याला काही सेकंद लागतील. १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणात तर ही तपासणी नोंदवलेली आणि सक्तीचीच असावी. आज धूर कमी दाखवण्यासाठी मिश्रणाचा स्क्रू आवळून गाडी पास करण्याकडे कल असतो, केबलकडे कोणी पाहत नाही. आपली व्यवस्था गाडी किती धूर सोडते हे विचारते, पण ती थांबते का, यातला अर्धा प्रश्न विचारायचा राहतो. ब्रेक हा त्याचा एक भाग आणि परत येणारी मूठ हा दुसरा.

जुन्या गाड्या मोडीत काढा, हा त्यावरचा झटपट उपाय सांगितला जातो. ज्याचे पोट त्याच गाडीवर आहे त्याला तो परवडत नाही, आणि केबल नव्या गाडीतही आहेच. आयटीआयच्या दुचाकी दुरुस्तीच्या शिक्षणात इंजेक्शनला प्राधान्य मिळणे योग्य आहे, पण कार्ब्युरेटर आणि केबलचे निदान त्यातून हद्दपार होऊ नये. या गाड्या आणखी दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर असणार आहेत आणि त्या दुरुस्त करणारे हातही तेवढा काळ लागणार आहेत. तोवर प्रत्येक मालकाने किमान आज संध्याकाळी गाडी लावताना इंजिन बंद करून, हँडल तिन्ही बाजूंना वळवून, मूठ एकदा सोडून पाहावी. ‘टक्’ आवाज आला नाही, तर उद्या सकाळी कामावर जाण्याआधी गाडी गॅरेजला न्यावी, तीही चालवत नव्हे, ढकलत.